परवानगीने केलेली रदबदली

यवतमाळ जिल्ह्यात इस्लामच्या उपासनेचा विषय निघाला की मराठी वाचकाला बहुधा दर्गा आठवतो आणि ते स्वाभाविकही आहे. आर्णी येथील बाबा कंबलपोष यांच्या ऊर्साला हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतील माणसे जातात, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या नावाने नवस फेडले जातात आणि नागपूरच्या ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या (१८६१–१९२५) मजारीवर चादर चढवण्यासाठी वऱ्हाडातून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. या साऱ्यामागे ‘शफाअत’ ही श्रद्धा आहे. एकाने दुसऱ्यासाठी ईश्वरापाशी केलेली रदबदली म्हणजे शफाअत आणि अशी रदबदली करणारा तो ‘शफी’. मात्र दर्गा हा या श्रद्धेचा सर्वांत वादग्रस्त भाग आहे. जिच्याविषयी फारसा वाद नाही आणि जी गरिबातल्या गरीब मुसलमानाच्याही वाट्याला येते, ती शफाअत अजानीनंतरच्या दुआत आणि जनाज्याच्या नमाजेत आढळते, जिथे बाहेरच्या माणसाचे लक्ष क्वचितच जाते.

कुरआनात शफाअतीविषयी दोन प्रकारची वचने आहेत आणि ती सुटी सुटी वाचली तर परस्परविरोधी वाटतात. ‘अल-बकरा’ या अध्यायात (२:४८) न्यायाच्या दिवशी कोणाची रदबदली स्वीकारली जाणार नाही असा इशारा आहे, तर त्याच अध्यायातील ‘आयतुल कुर्सी’ या सुप्रसिद्ध वचनात (२:२५५) ईश्वराच्या परवानगीशिवाय त्याच्यापुढे रदबदली करणारा कोण आहे, असा प्रश्न विचारून परवानगीने होणाऱ्या रदबदलीला वाव ठेवला आहे. ‘अज-जुमर’मध्ये (३९:४४) सारी शफाअत ईश्वराच्याच मालकीची असल्याचे सांगितले आहे आणि ‘अल-अंबिया’मध्ये (२१:२८) ज्याच्यावर तो राजी आहे त्याच्याचसाठी ती करता येते, अशी आणखी एक अट आहे. या वचनांची सांगड भाष्यकार अशी घालतात की बोलण्याची मुभा ईश्वरानेच द्यायची, ती कोणासाठी वापरायची हेही त्यानेच ठरवायचे आणि निकालही त्याचाच. मक्केतील मूर्तिपूजकही आपल्या देवतांना ईश्वरापाशी शिफारस करणारे म्हणत असत, हे ‘यूनुस’ या अध्यायात (१०:१८) नोंदलेले आहे. कुरआनाचा आक्षेप आहे तो शफी नेमण्याचा हक्क माणसाने स्वतःकडे घेण्यावर.

या चौकटीत प्रेषित मुहंमद यांचे स्थान कसे बसते, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांतील, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींच्या संग्रहांतील, एका दीर्घ कथनातून उलगडते. महशरच्या मैदानात, म्हणजे सारी मानवजात हिशेबासाठी उभी केली जाईल त्या ठिकाणी, त्रासलेले लोक प्रथम आदमकडे जातात, तेथून नूह, इब्राहीम, मूसा आणि ईसा यांच्याकडे जातात, पण प्रत्येक जण असमर्थता व्यक्त करून त्यांना पुढे पाठवतो. अखेरीस ते मुहंमदांपाशी येतात, तेव्हा तेही लगेच मागणे न मांडता आधी सजद्यात पडतात आणि डोके उचलून मागण्याची आज्ञा झाल्यावरच आपल्या लोकांसाठी बोलतात. एवढ्या श्रेष्ठ शफीनेही परवानगीपूर्वी कपाळ जमिनीला टेकवून राहावे, यात शफाअतीचे सारे मर्म आले आहे. मुअतझिला या बुद्धिवादी पंथाचे म्हणणे असे होते की घोर पापी माणूस पश्चात्तापावाचून मेला तर ईश्वराने दिलेला शिक्षेचा इशारा रदबदलीने टळू शकत नाही. सुन्नी परंपरेने ते मानले नाही आणि मोठ्या पाप्यासाठीही प्रेषितांच्या शफाअतीची आशा कायम ठेवली.

परलोकातील या शफाअतीहून इहलोकातला प्रश्न वेगळा आहे आणि वाद त्याच्याभोवती आहे. दुआ मागताना एखाद्या पुण्यवान व्यक्तीचा आधार घ्यावा का, या प्रश्नाला ‘तवस्सुल’ असे नाव आहे आणि तो आधार म्हणजे ‘वसीला’. बुखारीच्या संग्रहात नोंद आहे की दुष्काळ पडला तेव्हा दुसरे खलिफा उमर यांनी प्रेषितांचे चुलते अब्बास यांच्या आधाराने पावसाची दुआ मागितली. कोरडवाहू कापसाच्या प्रदेशात हा प्रसंग विशेष जवळचा वाटावा असा आहे, कारण पावसाने ओढ दिली की विदर्भातही उघड्या मैदानावर ‘नमाज-ए-इस्तिस्का’, म्हणजे पावसासाठीची नमाज, पढली जाते. या नमाजेत प्रेषितांनी अंगावरची चादर उलटी करून घेतल्याचे हदीसमध्ये आहे आणि फिकहच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, ग्रंथांत म्हातारीकोतारी माणसे, लहान मुले आणि गुरेढोरेही सोबत न्यावीत अशी शिफारस आढळते, कारण दुर्बळांकडे पाहून दया येते. तवस्सुल मानणारे उमर यांच्या या कृतीकडे बोट दाखवतात आणि न मानणारेही तिच्याकडेच, कारण प्रेषित निधन पावलेले असल्यामुळेच उमर हयात असलेल्या अब्बास यांच्याकडे वळले, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी याच अंगाने तवस्सुलवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

हा वाद भारतात पेटला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, दिल्लीत. शाह इस्माईल (१७७९–१८३१) यांनी ‘तक्वियतुल ईमान’ या उर्दू पुस्तकात बादशहाच्या दरबाराचा दाखला घेऊन शफाअतीचे तीन प्रकार पाडले. चोराला सोडा असे बलाढ्य अमिराने म्हटल्यावर बादशहा राज्य बिघडेल या धास्तीने मान्य करतो तो पहिला, लाडक्या माणसाच्या मायेपोटी मान्य करतो तो दुसरा आणि चोर पस्तावला आहे, बादशहाच्या मनात दयाही आहे, फक्त कायद्याचा मान राखायचा आहे, हे ओळखून अमीर त्याच्या मर्जीने विनंती करतो तो तिसरा. ईश्वर कोणाला भीत नाही आणि मायेने विवश होत नाही, म्हणून त्याच्यापाशी तिसराच प्रकार शक्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १८५७ च्या उठावानंतर अंदमानात पाठवले गेलेले आणि १८६१ मध्ये तेथेच वारलेले तर्कशास्त्री फज्ल-ए-हक खैराबादी यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. प्रेषितांना ईश्वरापाशी असलेली प्रतिष्ठा आणि प्रेम ही त्यानेच दिलेली देणगी आहे, त्या देणगीचा मान राखणे म्हणजे भीती किंवा विवशता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. दोघांनाही ईश्वराचे सार्वभौमत्व मान्य होते, आणि म्हणूनच या चर्चेला अंधश्रद्धा विरुद्ध सुधारणा असे सरधोपट रूप देणे अन्यायाचे ठरते. त्यानंतर उभ्या राहिलेल्या परंपरांतही अंतर समजले जाते तेवढे नाही; बरेलवी मत औलियांच्या, म्हणजे वली किंवा संतांच्या, मदतीला उघड मान्यता देते, अहले हदीस मृतांच्या वसील्याला नकार देतात, तर १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या उलेमांनी दर्ग्यांवरील अनेक रूढींवर टीका करूनही दुआतील तवस्सुल वैध ठरवले आहे.

दर्ग्याच्या उंबऱ्यावर हा सारा फरक एका वाक्याच्या रचनेत उतरतो. ‘हे अल्लाह, या वलीच्या सदक्याने माझी अडचण दूर कर’ असे म्हणणारा ईश्वराला हाक मारत असतो आणि ‘बाबा, मला मूल दे’ असे म्हणणाऱ्यावर कठोर आलिम ‘शिर्क’चा, म्हणजे ईश्वराला भागीदार जोडल्याचा, आक्षेप घेतो. नवसाचेही तसेच आहे. शास्त्रानुसार ‘नज्र’, म्हणजे उपासना म्हणून केलेला नवस, फक्त ईश्वराचा असतो. कंदुरीचा, म्हणजे दर्ग्यावरील जेवणाचा, बकरा दर्ग्यापाशी कापला तरी सुरी फिरवताना नाव अल्लाहचेच घ्यावे लागते आणि बाबांना पोहोचते ते जेवण वाटल्याचे पुण्य. या पुण्य पोहोचवण्याला ‘ईसाल-ए-सवाब’ म्हणतात. मजारीसमोर हात उचलून फातिहा पढणारा माणूस त्या घडीला वलीकडून काही घेण्याआधी वलीला काही देत असतो, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. शिया परंपरेत शफाअतीचा अधिकार इमामांकडे येतो आणि करबलाच्या हौतात्म्याशी तो घट्ट जोडलेला आहे. विदर्भातील खेड्यांत मोहरमच्या सवाऱ्यांपुढे हिंदू कुटुंबे नवस बोलतात, त्यामागे या परंपरेचा दूरचा धागा आहे.

दर्ग्याला कधीही न जाणारा मुसलमानसुद्धा अजान संपल्यावर एक छोटी दुआ पढतो आणि तीत तो स्वतःसाठी काही न मागता मुहंमदांना ‘वसीला’ हे स्वर्गातील उच्च स्थान आणि ‘मकाम-ए-महमूद’ हे शफाअतीचे पद मिळावे, अशी प्रार्थना करतो. ही दुआ करणाऱ्याला प्रेषितांची शफाअत लाभते, असे हदीस सांगते. जनाज्याच्या नमाजेत तर प्रत्येक उपस्थित माणूसच शफी होतो. ही नमाज उभ्यानेच पढली जाते, तीत रुकू, म्हणजे कमरेतून वाकणे, नाही की सजदा नाही. ‘अल्लाहू अकबर’च्या चार तकबिरींपैकी पहिलीनंतर ईश्वराची स्तुती, दुसरीनंतर प्रेषितांवर दरूद, म्हणजे त्यांच्यासाठी कृपेची प्रार्थना, तिसरीनंतर मृतासाठी क्षमेची दुआ आणि चौथीनंतर सलाम असा तिचा क्रम आहे. मृत व्यक्ती लहान मूल असेल तर हनफी पद्धतीत, जी विदर्भातील बहुसंख्य मुसलमान पाळतात, त्याच्यासाठी क्षमा मागितली जात नाही, कारण त्याच्या नावावर पापच नसते. उलट त्या मुलाला आमच्या पुढे जाऊन तयारी करणारा आणि ज्याची रदबदली मान्य होते असा आमचा शफी कर, अशी दुआ असते.

मोठ्या माणसाच्या जनाज्यासाठी मात्र माणसांची संख्या मोलाची ठरते. मुस्लिमच्या हदीससंग्रहात अशी नोंद आहे की प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचा मुलगा वारला, तेव्हा त्यांनी कुरैब या आपल्या सहकाऱ्याला बाहेर किती लोक जमले आहेत ते पाहून यायला सांगितले, चाळीस भरतील का असे विचारले आणि होकार मिळताच जनाजा बाहेर काढायला सांगितला. ईश्वराला भागीदार न जोडणारी चाळीस माणसे जनाज्याला उभी राहिली तर त्यांची रदबदली स्वीकारली जाते, हे प्रेषितांचे वचन त्यांनी ऐकलेले होते. प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून आलेल्या कथनात हा आकडा शंभर आहे, तर आणखी एका कथनात तीन रांगांचा उल्लेख आहे आणि म्हणून माणसे थोडी असली तरी नमाज पढवणारा इमाम त्यांच्या तीन रांगा करून घेतो. जनाज्याची नमाज ‘फर्ज-ए-किफाया’ आहे, म्हणजे वस्तीतील काही जणांनी पढली तरी सर्वांचे कर्तव्य पार पडते. तरीही पुसद, दिग्रस किंवा उमरखेडसारख्या गावांत मृत्यूची बातमी आणि नमाजेची वेळ मशिदीच्या भोंग्यावरून सांगितली जाते, नातेवाईक बाहेरगावी फोन लावतात आणि शक्यतो एखाद्या फर्ज नमाजेला लागूनची वेळ धरतात, जेणेकरून मशिदीत आलेली सगळी माणसे रांगेत उभी राहू शकतील.