अहिल्या : एका नावाचा प्रवास

बीड जिल्ह्यातील परळी हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. येथील वैजनाथाचे दगडी मंदिर उंचावर असून रुंद पायऱ्या चढून तेथे जावे लागते. गावाचे नाव घेताना लोक देवाचे नावही जोडूनच घेतात. 'परळी वैजनाथ' असेच म्हणण्याची रीत आहे. या भागात मुलांची नावेही वैजनाथ अशी पुष्कळ ठेवतात.

वैजनाथ हे मूळचे वैद्यनाथ. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांना विष्णूने येथील शिवलिंगात लपविले, म्हणून हा देव वैद्यांचा नाथ झाला, अशी कथा सांगतात. 'द्य'चा 'ज' कसा झाला, हे मात्र कथेवरून कळणार नाही. त्यासाठी भाषेकडे वळले पाहिजे. संस्कृतातील 'अद्य' प्राकृतात 'अज्ज' झाले आणि मराठीत 'आज' झाले. 'विद्युत्'ची 'विज्जु' झाली आणि विज्जूची 'वीज' झाली. याच वाटेने वैद्यनाथाचा वैजनाथ झाला. हा बदल कोणी हुकूम काढून केला नाही. लाखो माणसांच्या जिभेवरून शेकडो वर्षे घोळत जाता जाता नावाने आपले रूप पालटले.

या मंदिराचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार करणाऱ्या स्त्रीचे नावही असेच पालटलेले आहे. संस्कृत ग्रंथांत ते 'अहल्या' असे आढळते. महाराष्ट्र आणि माळवा तिला 'अहिल्या' म्हणून ओळखतात. 'इ' आणि 'य' हे दोन्ही तालव्य, म्हणजे जिभेच्या एकाच जागेवरून निघणारे वर्ण आहेत. शेवटी येणाऱ्या 'य'ने आपला सोबती 'इ' आधीच्या 'ह'मध्ये ओढून आणला असावा. पण रूपापेक्षा या नावाच्या अर्थाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. कारण त्याचे अर्थ एक नव्हे, तीन सांगितले जातात आणि ते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत.

पहिला अर्थ वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात आहे. ब्रह्मदेवाने सर्व प्राणिमात्रांतील उत्तम तेवढे वेचून एक स्त्री निर्माण केली. 'हल' म्हणजे कुरूपपणा. आणि त्यापासून होणारे जे निंद्य, ते 'हल्य'. जिच्या ठिकाणी असे हल्य तिळभरही नाही ती अहल्या, असे तेथे स्वतः ब्रह्मदेवाच्या तोंडी घातले आहे.

दुसरा अर्थ शेतकऱ्याच्या घरातील मुलास तात्काळ पटेल. हल म्हणजे नांगर. बलरामाच्या खांद्यावर नांगर असतो, म्हणून त्याला हलधर म्हणतात. तेव्हा जिला नांगर लागलेला नाही अशी जमीन ती अहल्या. आपल्याकडे अशा रानाला पडीक रान म्हणतात. कविवर्य रवींद्रनाथ ठाकुरांनी याच अर्थाचा आधार घेऊन रामाच्या कथेत शेतीच्या प्रसाराची खूण पाहिली होती. आता याच रामायणातील दुसरे नाव पाहावे. 'सीता' या शब्दाचा मूळ अर्थ नांगराने पडलेली रेघ, म्हणजे तास. जनकाला ती नांगरट करताना सापडली, असे कथा सांगते. एक नाव न नांगरलेल्या भूमीचे आणि दुसरे नांगराच्या तासाचे. आणि वनातून मिथिलेकडे जाणाऱ्या रामाला वाटेत आधी अहल्या भेटते, पुढे सीता भेटते! हा केवळ योगायोग मानावा की जुन्या कवींच्या मनात खरोखरच काही होते, याचा निर्णय करणे कठीण आहे. परंतु ज्यांना शब्दांची गोडी आहे त्यांनी येथे क्षणभर थांबावे.

तिसरा अर्थ सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्ट या मोठ्या पंडिताने लावला. 'अहन्' म्हणजे दिवस आणि 'ली' म्हणजे लीन होणे, विरून जाणे. दिवस उगवताच विरून जाणारी ती अहल्या, अर्थात रात्र. आणि तिला नाहीशी करणारा इंद्र म्हणजे सूर्य. ब्राह्मणग्रंथांतही इंद्राला हाक मारताना अहल्येचे नाव येते, ही गोष्ट कुमारिलांसारख्या वेदाभ्यासकाला ठाऊक होती. त्या कथेकडे निसर्गाचे रूपक म्हणून पाहण्याचा त्यांचा प्रयत्न होता. व्युत्पत्ती म्हणून तो थोडा ताणलेला वाटतो. दुसरा अर्थच अधिक सरळ आहे.

एका नावाचे इतके अर्थ निघावेत हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. ग्रीक भाषेत पेनेलोपी हे एका राणीचे नाव आहे. होमर या प्राचीन कवीच्या महाकाव्यात तिचा पती ओडिसियस वीस वर्षे घराबाहेर असतो. तिच्याशी विवाह करू पाहणारे राजपुत्र वाड्यात ठाण मांडून बसतात. सासऱ्यासाठी वस्त्र विणून होईपर्यंत थांबा, असे ती त्यांना सांगते. दिवसा विणते आणि रात्री तेच उसवते. काही विद्वान म्हणतात, 'पेने' म्हणजे विणकामातील सूत, त्यावरून हे नाव आले. दुसरे म्हणतात, 'पेनेलोप्स' या नावाचे एक बदकासारखे पाणपाखरू आहे, त्यावरून ते पडले. अडीच हजार वर्षांहून जुन्या या नावाविषयी आजही एकमत नाही. तरीही पश्चिमेकडे मुलींना ते नाव हौसेने देतात. शब्दाचा अर्थ विसरला गेला तरी चालतो, कथा लक्षात राहावी लागते.

अहल्येची कथा मात्र नाव ठेवणाऱ्याच्या मनात संकोच उत्पन्न करणारी होती. ती गौतम ऋषींची पत्नी. इंद्राने गौतमाचे रूप घेऊन कपटाने आश्रमात प्रवेश केला आणि कोपलेल्या ऋषींनी इंद्राबरोबर तिलाही शाप दिला. ती शिळा होऊन पडली आणि रामाच्या चरणस्पर्शाने उद्धरली, ही गोष्ट कीर्तनांतून व चित्रांतून घरोघरी पोहोचली आहे. वाल्मीकींच्या बालकांडात मात्र शिळा नाही. तेथे अहल्या राखेत पडून, केवळ वायू भक्षण करून, कोणाच्या दृष्टीस न पडता तप करीत असते. राम आणि लक्ष्मण आश्रमात येतात तेव्हा ती पुन्हा दिसू लागते आणि ते दोघे भाऊ तिच्या पायांना स्पर्श करून तिला वंदन करतात. चरणस्पर्श आहे, पण तो उलट दिशेने! शिळेची कल्पना नंतरची. कालिदासाच्या रघुवंशात ती दिसते आणि पुढे तीच रूढ झाली.

बालकांडातील आणखी एक प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. मिथिलेच्या जनकराजाचा पुरोहित शतानंद हा अहल्येचा मुलगा होता. विश्वामित्र रामलक्ष्मणांना घेऊन तेथे येतात, तेव्हा शतानंद इतर सर्व गोष्टी बाजूला ठेवून आधी आपल्या आईची वार्ता विचारतो. रामाला तिचे दर्शन घडविलेत ना, तिने त्याचे आतिथ्य केले ना, माझे वडील तिला पुन्हा भेटले ना, असे प्रश्न तो एकामागून एक विचारीत जातो. आई शापमुक्त झाल्याचे ऐकून त्याला झालेला आनंद वाचणाऱ्यापासून लपत नाही. शापाची गोष्ट सर्वांना पाठ आहे. वाट पाहणाऱ्या मुलाची गोष्ट ग्रंथातच राहून गेली.

प्रातःकाळी ज्या पाच स्त्रियांचे स्मरण करण्याची जुनी रीत आहे त्यांत अहल्येचे नाव पहिले येते. पण सकाळी स्मरायचे नाव निराळे आणि पाळण्यात ठेवायचे नाव निराळे. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, ते घरच्यांनी विचार करून ठरविलेले असते. त्यात नद्यांची नावे पुष्कळ असत : गंगा, यमुना, नर्मदा, कृष्णा, भागीरथी. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीचे नावही मुलींना देत आणि तिचेच दुसरे नाव गौतमी हेही देत. त्र्यंबकेश्वराजवळ ज्या गौतम ऋषींनी ही नदी भूमीवर आणली असे मानतात, ते अहल्येचेच पती. लक्ष्मी, सीता, गोदावरी यांच्या मानाने अहिल्या हे नाव कमीच आढळते. तरीही ते अगदी टाकलेले नव्हते, याचा पुरावा इतिहासातच आहे.

बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात चौंडी नावाचे खेडे आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी मुलगी झाली. तिचे नाव अहिल्या ठेवण्यात आले. एका खेड्यातील पाटलाला शापाची कथा आडवी आली नाही, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे. पुढे मल्हारराव होळकरांनी तिला सून करून घेतले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. ती सती जाण्यास निघाली असता मल्हाररावांनी तिला परावृत्त केले आणि राज्यकारभाराचे धडे दिले. १७६५ साली त्यांनी तिला लिहिलेल्या पत्रात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याची आज्ञा आहे! सासऱ्याने सुनेला लिहिलेली अशी पत्रे त्या काळात फारशी सापडणार नाहीत. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. तेव्हापासून १३ ऑगस्ट १७९५ रोजी देहावसान होईपर्यंत अहिल्याबाईंनी राज्य केले.

नर्मदेच्या काठी महेश्वर ही त्यांची राजधानी. तेथे त्यांनी विणकरांना आणून वसविले आणि महेश्वरी लुगड्यांचा धंदा उभा राहिला. काशीचे विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभारले. सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद आणि परळीचा वैजनाथ येथेही त्यांनी बांधकामे करविली. यांतील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेरची होती, तरीही यात्रेकरूंसाठी तेथे घाट, विहिरी व धर्मशाळा झाल्या. अशा धर्मकार्यासाठी लागणारा पैसा त्यांनी सरकारी तिजोरीतून नव्हे, तर आपल्या खासगीतून दिला, ही गोष्ट हिशेब तपासणारे लोक अधिक आदराने सांगतात.

त्यांच्या नावामागे लोकांनी 'पुण्यश्लोक' हे विशेषण जोडले. येथे श्लोक म्हणजे कविता नव्हे. श्लोक म्हणजे कीर्ती. ज्याची कीर्ती ऐकल्यानेच पुण्य लागते तो पुण्यश्लोक. पूर्वापार हे विशेषण नळराजा, युधिष्ठिर, सीता आणि श्रीकृष्ण यांच्यासाठी राखून ठेवलेले होते. त्या पंक्तीत चौंडीच्या पाटलाची मुलगी जाऊन बसली. त्यानंतर अहिल्या म्हटले की गौतमाचा आश्रम डोळ्यांपुढे येण्याआधी हातात शिवलिंग घेतलेली, पांढरे वस्त्र नेसलेली राणी येऊ लागली.

विसाव्या शतकात हे नाव निराळ्याच ठिकाणी ऐकू आले. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या अहिल्या रांगणेकर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होत्या. पुढे वाढत्या महागाईविरुद्ध मुंबईच्या गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मृणाल गोरे यांच्याबरोबर त्या आघाडीवर होत्या. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. राजवाडा आणि मोर्चा यांत अंतर मोठे आहे. पण दोन्ही ठिकाणी नाव तेच होते.

व्यक्तींवरून ते संस्थांकडे गेले. इंदूरच्या विद्यापीठाला १९८८ साली देवी अहिल्या यांचे नाव देण्यात आले, सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ साली. १९९६ मध्ये अहिल्याबाईंचे टपाल तिकीट निघाले. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि ज्या जिल्ह्यातील एका खेड्यात हे नाव पाळण्यात ठेवले गेले होते त्या जिल्ह्यालाच ते मिळाले. २०२५ साली त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा तीनशे रुपयांचे स्मारक नाणे काढण्यात आले.

संस्कृत कोशात शब्द शोधणाऱ्यास आजही 'अहल्या'च सापडेल; 'अहिल्या' पाहू गेल्यास तो बहुधा मिळणार नाही. परळीहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या माणसाला मात्र वाटेतील पाट्यांवर ह्रस्व 'इ'कार लावलेले नावच वाचावयास मिळते.