अर्धीच तर गोळी!

मैत्रिणींनो, आमच्या स्वीटीची गोष्ट सांगते. सांगताना आजही ओशाळल्यासारखं होतं.

स्वीटी म्हणजे आमची पॉमेरियन, वजन जेमतेम 4 किलो. एका रविवारी दिवाणावरून उडी मारली आणि केकाटली. मागचा पाय उचलून लंगडायला लागली. जनावरांचा दवाखाना बंद. माझ्या गुडघेदुखीची आयबुप्रोफेनची गोळी घरात होतीच, 400 मिलिग्रॅमची. म्हटलं लहान जीव आहे, अर्धीच देऊ. पोळीच्या घासात घालून दिली.

सोमवारी सकाळी उलटीत रक्त, शी डांबरासारखी काळी. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, काही औषध दिलं होतं का?" लाजेपोटी मी चक्क नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. त्यांनी हिशेबच मांडला. अर्धी गोळी म्हणजे 200 मिलिग्रॅम, 4 किलोच्या जिवाला किलोमागे 50. साठ किलोच्या बाईने एकदम साडेसात गोळ्या गिळण्यासारखं! त्यात कुत्र्याच्या शरीरातून हे औषध लवकर बाहेर पडत नाही. पोटाचं आतलं अस्तर सोलवटतं, जखमा होतात, डोस जास्त असेल तर किडनीही जाते.

सलाईनवर चार दिवस काढून स्वीटी वाचली.

पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकसुद्धा आपल्या मनाने देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. दुखऱ्या जागी आपलं मलमही चोळू नका, कुत्रं ते चाटतंच.

मग द्यायचं काय? डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, पण वजन मोजून, किडनी-लिव्हर ठीक असेल तरच. पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, पुढे 0.1. म्हणजे स्वीटीला रोज 0.4. माणसांची गोळी असते साडेसातची. तिचे अठरा तुकडे कुणी करायचे? म्हणून तिला पातळ औषध, तेही खाणं झाल्यावर. उलटी, काळी शी दिसली की लगेच बंद.

मूळ दुखणं निघालं गुडघ्याची वाटी सरकण्याचं. छोट्या जातींत ते फार आढळतं. आता गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्यात, दिवाणापाशी चढायला पाट ठेवलाय, नखं वेळच्या वेळी कापते. तुपाची पोळी बंद केली, वजनाचा भार शेवटी गुडघ्यावरच ना! (सासूबाई अजून चोरून भरवतात, तो वेगळाच विषय.) नुकताच मार लागला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरायचा आणि उड्या मारू द्यायच्या नाहीत. रविवारी एवढंच केलं असतं तरी रात्र निघाली असती.

आणि चुकून गोळी पोटात गेलीच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानेही जीव जाऊ शकतो. गोळीचं पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठा. किती दिली, केव्हा दिली, ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.