शेजारी जिंकायचा कसा? ‘सिव्हिलायझेशन’चे डावपेच, भोर-वेल्ह्याच्या नकाशावर

‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरचा खेळ १९९१ मध्ये आला. सिड मायर यांचं नाव त्याला आजही जोडलेलं आहे. एका वस्तीपासून सुरुवात करायची, पाळीपाळीनं शेतं, रस्ते, शहरं आणि फौज उभी करायची आणि शेजाऱ्यांना मागं टाकायचं, असा हा खेळ. त्याची सहावी आवृत्ती २०१६ मध्ये आणि सातवी २०२५ मध्ये निघाली. खाली जे नियम येतील ते सहाव्या आवृत्तीचे आणि तिच्या पुरवण्यांचे आहेत.

हा खेळ खेळणारी मराठी मुलं एक चूक हमखास करतात. फौज जमली की जवळच्या शहरावर चाल करून जातात, दोन-तीन शहरं घेतात आणि तिथून पुढं त्यांचं गाडं रुतून बसतं. खजिना आटतो, घेतलेली शहरं फितूर होतात, बाकीचे शेजारी एक होतात. चढाईचं गणित नेमकं कुठं चुकतं, हे समजून घ्यायला भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांसारखा नकाशा मिळणार नाही. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर हे सगळं याच दोन तालुक्यांत येतं. वेल्ह्याचं नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मंजुरी दिली, तीही याच इतिहासामुळे. शेजारी जिंकण्याचे, गमावण्याचे आणि पुन्हा जिंकण्याचे जवळजवळ सगळे प्रकार १६४६ ते १७०७ या साठ वर्षांत या डोंगरांत घडले. त्यात खरी माणसं मेली आणि खरी गावं जळाली, हे विसरून ही तुलना करता येणार नाही.

आधी डोंगर बघा

खेळात नकाशा षट्कोनी घरांचा असतो. टेकडीच्या घरात शिरायला सपाट घरापेक्षा जास्त चाल खर्च होते, पण टेकडीवर उभ्या असलेल्या तुकडीचं बचावाचं बळ वाढतं. नदी ओलांडून हल्ला करणाऱ्याचं बळ कमी धरतात. नवखा खेळाडू हे आकडे वाचतो आणि विसरून जातो. जाणता खेळाडू पहिल्या दहा-पंधरा पाळ्यांतच शेजारी कोणत्या वाटेनं येऊ शकतो हे हेरून ठेवतो.

भोर-वेल्ह्याचा मुलूख म्हणजे एकाशेजारी एक खोरी. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा यांनी तो कापला आहे, दोन खोऱ्यांच्या मधे डोंगराच्या धारा आहेत आणि पश्चिमेला सह्याद्रीचा कडा. कोकणात उतरायला मढे घाट आणि वरंध्यासारख्या मोजक्याच वाटा आहेत. राजगड या खोऱ्यांच्या मधोमध उभा आहे. त्याच्या माच्यांवरून गुंजण मावळही दिसतं आणि वेळवंडीकडची बाजूही. तोरण्यापासून राजगडापर्यंत जी धार जाते, तिच्यावरून डोंगरभटके आजही चालतात. अशा जागी थोडी माणसं मोठी फौज अडवू शकतात, कारण मोठ्या फौजेला पसरायला जागाच मिळत नाही. खेळातही एका घरात एकच लढाऊ तुकडी मावते. दोन डोंगरांमधलं एक घर तुमच्या भालाईतानं धरलं की समोरच्याच्या दहा तुकड्या मागं रांगेत उभ्या राहतात.

म्हणून पहिली छावणी बांधताना सुपीक जमिनीचा मोह आवरा. खिंडीवर नजर ठेवता येईल अशी जागा धरा.

पहिला घास कोणाचा

सगळ्यात जवळचा शेजारी हाच पहिला शत्रू, असं बहुतेक खेळाडू धरून चालतात. मला ते पटत नाही. ज्या ठाण्याचा धनी लांब आहे, ज्याची शिबंदी पातळ आहे आणि जे घेतल्यावर पुढचा खर्च भागतो, ते ठाणं पहिलं.

तोरणा या तिन्ही अटींत बसत होता. गड आदिलशाहीचा, पण विजापूर कितीतरी दूर, आणि १६४६ च्या सुमारास मुहम्मद आदिलशहा आजारी पडल्यानं दरबाराचं लक्ष सीमेवरून उडालेलं. शिवाजी महाराजांनी सोळा-सतराव्या वर्षी तोरणा ताब्यात घेतला तो मोठी लढाई न करता. गडाच्या डागडुजीत धन सापडलं आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लावलं, अशी परंपरा आहे. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. मिळालेल्या धनातून लगेच दुसरी स्वारी निघाली नाही, राजधानी उभी राहिली. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं राज्याचा कारभार त्याच गडावरून चालला.

खेळात पहिलं शहर पडलं की खजिन्यात सोनं येतं आणि हात शिवशिवायला लागतात. त्या सोन्यातून तटबंदी, धान्यकोठार आणि एक सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) घ्या. दुसरी लढाई दहा पाळ्यांनी करा. त्या दहा पाळ्यांत तुम्ही दुप्पट मोठे झालेले असता.

देशमुख, म्हणजे खेळातली छोटी राज्यं

खेळात मोठ्या साम्राज्यांच्या मधे एकेका शहराची छोटी राज्यं असतात. त्यांच्याकडे दूत पाठवता येतात. किमान तीन दूत आणि इतर सगळ्यांपेक्षा जास्त दूत ज्याचे, तो त्या राज्याचा अधिपती होतो. अधिपतीला ठरावीक सोनं मोजून त्या राज्याची फौज काही काळ वापरायला मिळते, आणि त्यानं युद्ध पुकारलं की छोटं राज्यही त्याच्या बाजूनं युद्धात उतरतं. उलट ते राज्य तलवारीनं घेतलं, तर बाकीच्यांच्या मनात तुमच्याविरुद्ध तक्रारी साठत जातात. गंमत म्हणजे हा भाग बहुतेक खेळाडू सोडूनच देतात, आणि माझ्या मते सगळ्या खेळात सर्वाधिक ताकद इथंच आहे.

मावळातले देशमुख नेमके असेच होते. हिरडस मावळात बांदल, रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. प्रत्येकाचं वतन, प्रत्येकाची माणसं, आणि एकमेकांत जुनी वैरं. नावाला सगळे आदिलशाहीचे, पण आपापल्या खोऱ्यात राजे. प्रत्येकाशी लढायचं ठरवलं असतं तर स्वराज्य भोरच्या पलीकडं गेलंच नसतं. काहींना जोडून घेतलं, काहींशी लढावं लागलं. बांदलांशी रोहिड्याच्या परिसरात संघर्ष झाला. पण त्यांचे दिवाण बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचं सैन्य पुढं महाराजांच्या बाजूला आलं, आणि जुलै १६६० मध्ये विशाळगडच्या वाटेवर घोडखिंड त्यांनीच लढवली. हरवलेल्या शेजाऱ्याची फौज आपली करता येते, हे खेळाडूनं इथं टिपून घ्यावं.

खरी कसोटी १६५९ मध्ये लागली. विजापूरचा सरदार अफजलखान महाराजांवर चालून निघाला तेव्हा दरबारातून मावळच्या देशमुखांना फर्मानं गेली: खानाला मिळा. जूनमध्ये असं फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांनाही आलं. एकाच छोट्या राज्यावर दोन अधिपतींनी हक्क सांगितल्यासारखा हा प्रसंग. कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडं आले, फर्मान दाखवलं आणि वतनावर पाणी सोडलं. त्याच रोहिडखोऱ्यातले उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले. एकाच खोऱ्यातली दोन घराणी, आणि निर्णय दोन दिशांना गेले.

यातून खेळाडूनं दूत कधी पाठवायचे ते शिकावं. युद्ध दारात आल्यावर पाठवलेले दूत उपयोगी पडत नाहीत. कान्होजींशी संबंध आधीच्या दहा-बारा वर्षांत जुळलेला होता, म्हणून फर्मान आल्यावर तो टिकला. खेळाच्या पहिल्या चाळीस पाळ्यांत सीमेवरच्या दोन छोट्या राज्यांना भरपूर दूत द्या, लांबच्यांना नंतर बघा.

जावळी: बलाढ्य शेजारी एकदाच

काही शेजारी जोडून घेता येत नाहीत. जावळीचे चंद्रराव मोरे तसे होते. रायरेश्वराच्या दक्षिणेकडचा सगळा घाटमुलूख आणि कोकणात उतरणाऱ्या वाटा त्यांच्या हातात होत्या. जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली गेली, मावळचे देशमुख त्या स्वारीत होते, आणि लगेच प्रतापगड बांधायला घेतला. तीन वर्षांनी अफजलखानाला त्याच जावळीच्या रानात यावं लागलं.

खेळाच्या भाषेत सांगायचं तर असा शेजारी जिंकताना पुढच्या मोठ्या लढाईचं मैदान तुम्ही निवडत असता. त्याची शहरं किती श्रीमंत आहेत यापेक्षा ती कोणत्या वाटेवर आहेत ते बघा. आणि हल्ला करायचाच तर अर्धवट करू नका. एक शहर घेऊन तह केलेला बलाढ्य शेजारी वीस पाळ्यांनी दुप्पट तयारीनं परत येतो.

तटबंदी आणि जाळपोळ

तटबंदी असलेल्या शहरावर तलवारबाजांचा फारसा इलाज चालत नाही. सुरुवातीच्या युगात तट फोडायचा ओंडका किंवा शिडीचा बुरूज सोबत लागतो, नंतर दगडफेकी यंत्रं आणि तोफा. लांबून मारा करणारी तुकडी शहर खिळखिळं करते, पण ते ताब्यात घ्यायला शेवटी हातघाईची तुकडीच आत शिरावी लागते. शहराला चहूबाजूंनी वेढलं नाही तर ते दर पाळीला जखमा भरून काढतं.

हे सगळं शत्रूच्या बाजूनं बघायचं तर मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंहांची १६६५ ची मोहीम बघावी. पुरंदरला थेट भिडण्याआधी त्यांनी शेजारचा वज्रगड घेतला, कारण तिथून पुरंदरवर तोफा डागता येत होत्या. एप्रिलच्या मध्यात वज्रगड पडला. त्याच वेळी दाऊदखान कुरेशीच्या हाताखाली फौजा राजगड, रोहिडा, सिंहगडच्या आसपास सोडल्या. आज भोर-वेल्ह्यात मोडणाऱ्या भागातली खेडी त्यांनी जाळली, गुरं आणि माणसं पकडून नेली. गड उभे होते, पण त्यांना पोसणारी खोरी उजाड होत होती.

खेळात याला लुटीचा नियम आहे. शत्रूचं शेत उद्ध्वस्त केलं की तुमच्या तुकडीच्या जखमा भरतात, खाणी आणि इतर सुधारणांतून वेगवेगळा लाभ मिळतो, आणि समोरच्याचं उत्पादन बसतं. डाव म्हणून तो परिणामकारक आहे. फक्त जो मुलूख पुढं स्वतः सांभाळायचा आहे तिथं तो वापरू नका. जाळलेली शेतं दुरुस्त करण्यात तुमच्याच पाळ्या जातात.

तहात काय राखायचं

जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले आणि वर्षाला चार लाख होनांचा मुलूख मोगलांना गेला. महाराजांकडे बारा किल्ले आणि एक लाखाचा मुलूख उरला. रोहिडा गेला. राजगड आणि तोरणा राहिले.

हरत असलेल्या खेळाडूला मी हा तह शांतपणे वाचायला सांगेन. खेळातही तहात शहरं देता येतात, आणि बहुतेक जण तो पर्याय न वापरता शेवटच्या शहरापर्यंत लढतात. इथं आकड्यानं बरंच काही गेलं, पण खोऱ्यांच्या मधला गाभा सुटला नाही. १६७० मध्ये त्याच गाभ्यातून प्रतिहल्ला निघाला आणि रोहिड्यासह गेलेले गड परत यायला लागले. तहाच्या फळीवर शहरं मांडताना सीमेवरची, अलीकडंच घेतलेली, सांभाळायला महाग पडणारी शहरं आधी पुढं करा. ज्यांच्यातून पुन्हा फौज उभी राहील ती सोडू नका.

घेतलेलं हातात राहतं कसं

सहाव्या आवृत्तीला २०१८ मध्ये ‘राइज अँड फॉल’ ही पुरवणी आली आणि तिच्यातून शहरांची निष्ठा मोजायला सुरुवात झाली. आसपास ज्याची वस्ती दाट, त्याची ओढ शहराला लागते. निष्ठा शून्यावर आली की शहर बंड करून स्वतंत्र होतं. तिथं राज्यपाल नेमला, तुकडी ठेवली, शेजारी आपली आणखी शहरं वसवली की ते सावरतं. शत्रूच्या पोटात शिरून एकटंदुकटं शहर घेण्यात म्हणूनच अर्थ नाही. घ्यायचं तर एकदम दोन-तीन, आणि आपल्या सीमेला लागून.

स्वराज्यात गड एका माणसाच्या भरवशावर सोडत नसत. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी वेगवेगळी कामं पाहत आणि एकमेकांवर लक्ष ठेवत. सभासदाच्या बखरीत हे वर्णन आहे. देशमुखांच्या वाड्यांचे बुरूज उतरवून त्यांना साध्या घरांत राहायला लावलं, हेही तीच बखर सांगते. फितुरीची वाट आधीच अरुंद करून ठेवली होती.

औरंगजेबाची मोहीम याच्या बरोबर उलट आहे. १६८९ मध्ये राजधानीचा रायगड पडला. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड आणि पुढच्याच महिन्यात तोरणा बादशहाकडे गेला. राजगडाचं नाव नबीशाहगड ठेवलं, तोरण्याचं फुतुहुल्गैब. त्या वर्षांत त्यानं घेतलेल्या गडांपैकी बरेचसे किल्लेदारांना पैसे देऊन हाती आले होते, तोरणा मात्र लढून घ्यावा लागला. गडाभोवतालची खोरी मात्र त्याची कधीच झाली नाहीत. प्रत्येक गडावर शिबंदी ठेवायची, तिला रसद पोचवायची, आणि मुख्य फौज पुढं सरकली की मागं मराठे हजर. १७०७ मध्ये बादशहा वारला आणि थोड्याच काळात मावळातले किल्ले मराठ्यांकडं परत आले. पुढं भोर हे पंतसचिवांचं संस्थान झालं आणि १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकलं.

खेळात चढाईनं जिंकायचं तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची मूळ राजधानी घ्यावी लागते, ती घेतली की तो हिशोबातून गेला. हा नियम मला खेळातला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो. रायगड पडण्याआधीच राजाराम महाराज तिथून निघाले होते; पुढं ते जिंजीला गेले आणि राज्य तिथून चाललं. नियम बदलता येत नसला तरी खेळण्याची पद्धत बदलता येते: राजधानीकडं थेट धावू नका. तिच्याभोवतीची शहरं आधी घ्या, त्यांची निष्ठा स्थिर होऊ द्या, सीमेवरची छोटी राज्यं आपल्या बाजूला आणा, आणि मग राजधानीला वेढा घाला. तोवर तिच्या मदतीला येणारं कोणी उरलेलं नसतं, आणि ती पडल्यानंतरच्या पाळीला तुमचं एकही शहर बंड करत नाही.