रानकेळ आणावी ती बियांपासून



उसाची नोंद, तोडणीच्या टोळ्या, खताची मात्रा यांवर आपण या पानांतून नेहमीच बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, अंगणातल्या शोभेच्या झाडाचा. पण फिरून तो उसापाशीच येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही तिघं मित्र सिन्नर-घोटी रस्त्यानं इगतपुरीच्या घाटाकडे गेलो होतो. उभ्या कातळाच्या कपारीत केळीची झाडं दिसली. बुंधा हत्तीच्या पायासारखा खाली फुगलेला, वर हिरवीगार रुंद पानं. मातीचा पत्ता नाही आणि झाड असं माजलेलं! आम्हाला मोह आवरला नाही. पहार होतीच गाडीत. एक मध्यम झाड मुळासकट काढलं आणि घरी आणून पायरीजवळ लावलं. येणारा-जाणारा विचारी, "ही कुठली जात?" आम्हीही मिशीला पीळ देत सांगत असू.

पुढे थंडी पडली. आपल्याकडची थंडी तुम्हाला सांगायला नको. निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा सिन्नरलाही शेकोट्या पेटलेल्या असतात. झाडाची पानं पिवळी पडली, वाळली आणि एकेक करून गळाली. पाणी वाढवलं, शेणखत घातलं, उपयोग झाला नाही. नुसता बुंध्याचा ठोकळा राहिला. माघात आम्ही म्हटलं, मेलं हे, आणि उपटून उकिरड्यावर टाकलं. टाकताना कुदळ लागून गड्डा फुटला, तो आत पांढराशुभ्र, रसरशीत! तेव्हाही आमच्या डोक्यात काही शिरलं नाही.

पुढच्या खेपेला घाटातल्या एका म्हाताऱ्या बाबांना ही हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "अहो दादा, ते मेलं नव्हतं, निजलं होतं. पहिल्या पावसाला उठलं असतं. आता त्याला मुनवं नाही, बी नाही. तुम्ही त्याचा वंशच खुडला की."

हे बोलणं मनाला लागलं. मग आम्ही माहिती काढली.

या झाडाला कुणी रानकेळ म्हणतं, कुणी चवेणी, कुणी कवदर. शास्त्रीय नाव एन्सेटी सुपर्बम. आपल्या बागेतल्या केळीची ही चुलत बहीण. सख्खी नव्हे, आणि त्यातच सगळी गोम आहे. बागेतल्या केळीच्या फळात बी नसतं, पण बुडाशी मुनवे फुटतात आणि त्यावर वंश चालतो. रानकेळीचं बरोबर उलट. तिला मुनवे फुटत नाहीत. कित्येक वर्षं ती वाढते, मग आयुष्यात एकदाच फुलते. फळात गर थोडा आणि काळ्या, टणक बिया भरपूर. फळं पिकली की झाड मरतं. म्हणजे त्या एका घडातल्या बिया हीच तिची सगळी पुंजी. फुलण्याआधी झाड उपटलं, किंवा भाजीसाठी तिचं कमळ कापलं, की त्या झाडापुरता कारभार संपला.

थंडीत पान गाळणं हा रोग नव्हे, ती तिची युक्ती आहे. खानदेशातल्या बागाईतदारांना थंडीचा चरका ठाऊक आहे. पारा दहा-बाराच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. रानकेळ हा त्रासच घेत नाही. पावसाळा सरला की पसारा आवरते, ओल बुंध्यात आणि गड्ड्यात साठवते आणि उन्हाळा संपेपर्यंत निजून राहते. तिचीच एक बहीण इथिओपियाच्या थंड पठारावर लाखो लोकांचं मुख्य अन्न आहे. तिथं केळं खात नाहीत, गड्डा आणि बुंध्याचा गाभा किसून, आंबवून त्याची भाकर करतात. त्याच बहिणीची लाल पानांची जात युरोपात शोभेला लावतात आणि हिवाळ्याआधी उचलून घरात ठेवतात. आपल्याला तेवढी यातायात नको. आपली रानकेळ आपल्या थंडीला पुरून उरते, फक्त तिला निजू द्यायला हवं.

आता बियांपासून रोप कसं करायचं ते आमच्या अनुभवावरून सांगतो. बी पूर्ण पिकलेल्या फळाचं घ्यावं. मालकीच्या रानातलं, मालकाला विचारून, आणि तेही मूठभरच. बाकीचं डोंगराला राहू द्यावं. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काहीच आणू नये, तो कायद्यानं गुन्हा आहे. गर धुऊन काढावा. कवच फार टणक असतं, म्हणून खरकागदावर बी हलकं घासावं आणि कोमट पाण्यात दोन दिवस भिजत ठेवावं. पाणी रोज बदलावं.

फाल्गुन-चैत्रात पिशव्या भराव्यात. निम्मी वाळू, उरलेल्यात माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. बी पेराएवढं खोल टोचावं. दिवसा ऊब आणि रात्री गारवा असा फरक या कुळातल्या बियांना मानवतो, म्हणून पिशव्या विरळ सावलीत उघड्यावर ठेवाव्यात. माती ओलसर असावी, चिखल नको. जास्त पाण्यानं बी कुजतं आणि उगवलेली रोपं कोलमडतात.

यापुढे लागतो तो धीर. आम्ही पंचवीस बिया लावल्या. महिना गेला तरी काही नाही. घरात म्हणू लागले, "त्या पिशव्यांत कोथिंबीर तरी लावा." सातव्या आठवड्यात दोन कोंब दिसले. मृगाच्या पावसानंतर आणखी पाच. एकूण सात. बाकीच्या आल्याच नाहीत.

पहिल्या थंडीत पानं गळतील. घाबरू नये, पाणी अगदी कमी करावं. दुसऱ्या पावसाळ्यात जागेवर लावावं. जागा उताराची, मुरमाड, बांधाच्या कडेची हवी. ज्या काळ्या जमिनीत आपला ऊस जोम धरतो, ती पावसात चिबडली की रानकेळीचा गड्डा कुजतो. आणि एक सूचना. मुतखड्यावर हे बी उगाळून देण्याची चाल डोंगरात आहे. आपण डॉक्टरला विचारल्याशिवाय तो प्रयोग करू नये.

आता उसाकडे येऊ. ऊस आपण टिपरीनं लावतो. तुरा आला की वजन घटेल म्हणून कपाळाला आठ्या पडतात. पण त्याच तुऱ्यात बी असतं. को ८६०३२ मधला 'को' म्हणजे कोइमतूर. तिथं १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघालं. गोड, जाड उसाचा संकर तिथल्या शास्त्रज्ञांनी एका रानटी, काटक उसाशी केला, जो चरकात घालायच्याही लायकीचा नव्हता. त्या बियांच्या रोपांतून १९१८ साली को २०५ बाहेर आला. आज आपण लावतो त्या जातींच्या अंगात त्या रानटी उसाचं रक्त आहे.

टिपरीनं एकच जात लाखो एकरांवर जाते. ती चांगली असेल तोवर सोनं. पण उत्तर प्रदेशात को ०२३८ बहुतेक शिवारांत पसरली आणि लाल कूज आल्यावर शेतकरी हवालदिल झाले. अशा वेळी शास्त्रज्ञांना पुन्हा बियांकडे आणि रानातल्या भावंडांकडेच जावं लागतं. ती भावंडं डोंगरात शिल्लक असली तर!

म्हणून सांगणं एवढंच. रानकेळ अंगणात जरूर लावा, पण पहार घेऊन जाऊ नका. बी लावा, वाट पाहा. आमच्या सातांपैकी चार रोपं आज बांधावर उभी आहेत. त्यांना अजून फूल नाही. ज्या साली येईल त्या सालच्या निम्म्या बिया, मालकाला विचारून, घाटातल्या त्याच उतारावर टाकून येण्याचं आम्ही ठरवलं आहे. एका झाडाचं देणं आमच्याकडे बाकी आहे.