जुन्या जीपचे सैल स्टेअरिंग : स्क्रू सर्वांत शेवटी

जुन्या जीपचे स्टेअरिंग चार बोटे फिरवले तरी चाके हलत नाहीत, ही तक्रार गॅरेजात पोहोचली की बहुतेक वेळा एकच उपाय होतो: स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळतात. दोन दिवस बरे वाटते. मग गाडी पुन्हा भरकटू लागते, आणि वर वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होईनासे होते. ढिलेपणा एका जागी नसतोच. चाकापासून हातापर्यंत आठ-दहा सांधे असतात. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी त्या सगळ्यांची बेरीज आपल्या हातात येते.

महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी तिच्याकडे अनेक वर्षे बनत राहिली. आजही गावोगावी दिसणाऱ्या जुन्या जीपपैकी बऱ्याच याच घराण्यातल्या आहेत. पुढच्या काळातल्या मॉडेलांत किंवा बदललेल्या गाडीत जोडणी वेगळी असू शकते, म्हणून आधी आपल्या गाडीखाली डोकावून खात्री करावी.

मूळ रचना अशी आहे. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला सर्पिल खाच असलेला कॅम असतो. त्या खाचेत लिव्हर शाफ्टच्या निमुळत्या पिना फिरतात आणि बाहेरचा ड्रॉप आर्म मागे-पुढे हलतो. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक पुढे चेसिसच्या आडव्या पट्टीवरच्या बेलक्रँकला ढकलते. बेलक्रँकपासून दोन टायरॉड दोन्ही चाकांकडे जातात. शोध मात्र उलट्या दिशेने, म्हणजे चाकाकडून घ्यायचा.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, पुढचा एक्सल जॅकने उचला आणि भक्कम घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर सोबतीला ब्रेक दाबायला सांगा. हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते त्या पिनीचा. मग चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा. इथला खेळ बहुधा टायरॉडच्या टोकांचा असतो. झिजलेले टोक बदलायचे. ठोकून किंवा वेल्डिंग करून चालवायचे नाही.

या जीपमध्ये किंगपिनला वर आणि खाली टेपर बेअरिंगे असतात. त्यांचा ताण टोप्यांखालच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमांनी ठरतो. ढिलेपणा असेल तर वरून आणि खालून सारख्याच जाडीच्या शिमा काढायच्या, नाहीतर चाकाचा वळता सांधा (नकल) मध्यावरून सरकतो. तपासताना टायरॉड आणि एक्सलच्या टोकावरच्या गोळ्याभोवतीचे ऑइल सील सोडवून ठेवावे. सीलच्या अडकावामुळे बेअरिंग घट्ट असल्याचा भास होतो. खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके थरथरत राहिली तर संशय आधी याच जागेवर घ्यावा.

बेलक्रँककडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बंपरमागे तो चिखलपाणी खात असतो आणि त्याच्या पिनीला महिनोन्‌महिने ग्रीस मिळत नाही. गाडी खाली उतरवा, सोबतीला स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि बेलक्रँकवर बोट ठेवा. त्याने फक्त आडवे फिरायला हवे. तो कलंडत असेल तर पिन आणि बेअरिंग गेले आहेत. पिनीजवळची बारीक झीज त्याच्या टोकांशी कितीतरी मोठी होऊन पोहोचते. पट्टीतले भोकच मोठे झाले असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर नवी पिनही डुलत राहील.

ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांत गोळा, स्प्रिंग आणि आवळता येणारा प्लग असतो. स्प्लिट पिन काढून प्लग पूर्ण आवळा. मग पुढच्या टोकाला अर्धा फेरा आणि मागच्या टोकाला एक फेरा सैल करून नवी स्प्लिट पिन घाला. गोळा अंडाकृती झिजला असेल तर आवळून उपयोग नाही. याच वेळी स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, कमानपाट्यांचे शॅकल आणि यू-बोल्टही तपासा. बॉक्स किंवा एक्सल जागचा हलत असेल तर बाकीची मेहनत फुकट जाते.

एवढे झाल्यावर बॉक्सची पाळी. ड्रॅग लिंक सोडवा. ड्रॉप आर्म धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. तो वर-खाली डुलला तर शाफ्टचे बुश झिजले आहे. ते स्क्रूने भरून येत नाही. मग सुरुवातीला सांगितलेला बॉक्सच्या बाजूचा स्क्रू सैल करून दांड्याचा वर-खालचा खेळ बॉक्सच्या वरच्या झाकणाखालच्या शिमा कमी करून घालवा.

त्यानंतर स्टेअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्म्यावर थांबा. कॅमची खाच मुद्दाम अशी कापलेली असते की पिना मध्यावर सर्वांत घट्ट बसतात. म्हणून स्क्रूही मध्यावरच आवळायचा: मधून जाताना किंचित अडकाव जाणवावा, दोन्ही बाजूंना हात मोकळा फिरावा. मग लॉकनट घट्ट करा. मधला खेळ गेला पण वळणावर स्टेअरिंग जड झाले, तर खाच मध्यभागी झिजली आहे. अशा वेळी स्क्रू मागे घेऊन कॅम आणि पिना बदलाव्यात. बॉक्समध्ये ग्रीस भरू नये, जाड गिअर ऑइलच घालावे. ग्रीस एकदा बाजूला सरले की परत बेअरिंगकडे येत नाही.

जोडणी करताना बॉक्स, बेलक्रँक आणि चाके तिन्ही एकाच वेळी मध्यावर हवीत. हा मेळ टायरॉडची लांबी बदलून साधायचा. स्टेअरिंगचे चक्र काढून सरळ बसवले तर ते दिसायला सरळ होते, पण बॉक्स आपल्या घट्ट मध्यावर येत नाही. टो-इन सुमारे १ ते २.५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे चाकांमधले अंतर पुढून तितके कमी. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून पाहा आणि थोडे अंतर गेल्यावर सगळे नट पुन्हा तपासा. पावसाळ्यात चिखलातून आलेल्या गाडीला त्याच आठवड्यात ग्रीसगन लावली, तर यातले निम्मे काम पुढच्या वर्षी करावे लागत नाही.