एका खिडकीतून सुटलेली अफवा आणि दोन माणसांचा जीव : मिलानच्या ‘बदनामीच्या खांबा’ची गोष्ट

मिलान म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? फॅशन शो, एसी मिलान आणि इंटरच्या मॅचेस, फार तर दुओमो कॅथेड्रलसमोर काढलेला फोटो. पण याच शहरात गाईडसोबत पायी फिरत शहराचा काळा इतिहास दाखवणाऱ्या टूर्सही असतात. त्यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा अध्याय १६३० सालचा आहे. त्या वर्षी एका अफवेपायी दोन निरपराध माणसांना भर रस्त्यात हाल करून मारण्यात आलं. अफवा पसरवायला तेव्हा ना फोन होता, ना ग्रुप. एक खिडकी पुरेशी ठरली.

ही गोष्ट ज्या ज्या ठिकाणी घडली, ती ठिकाणं आजही चालत पाहता येतात. एकेक थांबा घेत ती समजून घेऊया.

पहिला थांबा : लाझारेत्तो

पोर्ता व्हेनेझिया हा आज मिलानमधला गजबजलेला भाग आहे. कॅफे, दुकानं, मेट्रो स्टेशन. एकेकाळी इथे शहराच्या तटाबाहेर एक भलीमोठी चौकोनी इमारत होती. साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवण्यासाठी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती बांधायला घेतली होती. चारही बाजूंना मिळून २८८ खोल्या आणि मधे मोकळं मैदान. या जागेला म्हणायचे लाझारेत्तो.

१६२९ च्या शेवटी मिलानमध्ये प्लेग शिरला. तेव्हा शहरावर स्पेनच्या राजाची सत्ता होती आणि आसपास युद्ध चालू होतं. सुरुवातीला लोक प्लेग आहे हेच मानायला तयार नव्हते. लोदोविको सेत्ताला नावाचे नामांकित म्हातारे डॉक्टर प्लेग आल्याचं सांगत होते, तर त्यांच्यावरच जमाव चालून गेला. हेच लोकांना घाबरवतात, असा आरोप झाला.

पुढे लाझारेत्तोत हजारो रोगी कोंबले गेले. साथ ओसरेपर्यंत सुमारे सव्वा लाख वस्तीच्या मिलानमधली जवळपास निम्मी माणसं गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही इमारत पाडली गेली. आज व्हिया सान ग्रेगोरिओ या रस्त्यावर तिचा एक छोटा तुकडा उरलाय. मैदानाच्या मधोमध असलेलं चर्चही शिल्लक आहे.

दुसरा थांबा : दुओमो

इथून साधारण अर्धा तास चाललं की दुओमो कॅथेड्रल येतं. अफवेने इथे पहिल्यांदा मोठं रूप घेतलं.

१७ मे १६३० च्या संध्याकाळी काही लोकांना वाटलं की, कुणीतरी कॅथेड्रलमधल्या लाकडी आडोशाला काहीतरी फासतंय. आरोग्य खात्याचे अधिकारी आले, त्यांनी तपासलं, संशयास्पद काहीच सापडलं नाही. पण लोकांची समजूत पटावी म्हणून त्यांनी आडोसा धुवायला सांगितला. तो आडोसा आणि सोबत बरीच बाकं बाहेर काढून ठेवण्यात आली.

झालं उलटंच. चौकात पडलेला तो ढीग पाहून लोकांची खात्रीच पटली, की इतकं सामान बाहेर काढलंय म्हणजे नक्कीच विष लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या बऱ्याच भिंतींवर पिवळसर डाग दिसले. कुणाचा खोडसाळपणा असेल, काहीही असेल, पण आता एक शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला : उंतोरी. म्हणजे विष फासून मुद्दाम प्लेग पसरवणारे लोक.

११ जूनला शहरातून मोठी धार्मिक मिरवणूक निघाली. संत कार्लो बोर्रोमेओ यांचा जतन केलेला देह गल्लोगल्ली फिरवण्यात आला. गर्दीने रोग वाढेल, ही भीती कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांना होती. म्हणून त्यांनी आधी नकार दिला होता, पण दबावापुढे शेवटी परवानगी दिली. मिरवणुकीनंतर मृत्यू झपाट्याने वाढले. लोकांनी दोष गर्दीला दिला का? नाही. उंतोरींनी गर्दीत शिरून विष कालवलं, असं ठरलं.

तिसरा थांबा : वेत्राची गल्ली

दुओमोपासून दक्षिणेकडे चालत गेलं की सान लोरेन्झो चर्चसमोर रोमन काळातले १६ खांब लागतात. संध्याकाळी तिथे तरुणांची गर्दी असते. चर्चच्या मागचा वेत्रा चौक ही जुन्या मिलानमधली जाहीर मृत्युदंडाची जागा होती.

याच भागात २१ जून १६३० च्या पहाटे कातेरिना रोझा नावाची बाई खिडकीत उभी होती. पाऊस पडत होता. काळा झगा घातलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस भिंतीला लागून चालताना तिला दिसला. त्याच्या हातात कागद होता आणि तो मधेच भिंतीला हात लावत होता. आणखी एका बाईनेही त्याला पाहिलं. थोड्याच वेळात गल्लीभर बातमी झाली. लोकांनी भिंती तपासल्या, डाग सापडले आणि पेंढा पेटवून ते जाळायला सुरुवात झाली.

हा माणूस होता गुल्येल्मो पियाझ्झा. तो आरोग्य खात्याचाच कर्मचारी होता. पावसापासून वाचायला तो भिंतीच्या कडेने चालत असणार. लिहिताना बोटांना लागलेली शाई भिंतीला पुसत असणार, असंही पुढे अभ्यासकांनी सुचवलं. पण तेव्हा असा विचार करायला कुणी थांबलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला अटक झाली.

न्यायाधीशांनी विचारलं, भिंतींना काही फासल्याचं तुला माहीत आहे का? तो म्हणाला, नाही. त्यांनी ठरवलं, संपूर्ण शहराला माहीत आहे आणि याला नाही, हे पटण्यासारखं नाही. म्हणजे हा खोटं बोलतोय. खोटं बोलतोय म्हणजे याचा छळ करता येईल. दोरीने बांधून, सांधे ताणून त्याची चौकशी झाली. तरी तो कबूल झाला नाही. मग त्याला माफीचं आमिष दाखवण्यात आलं : साथीदारांची नावं सांग, सुटशील. शेवटी त्याने एक नाव घेतलं.

चौथा थांबा : मोराचं दुकान

ते नाव होतं जान जाकोमो मोरा. हा न्हावी होता. त्या काळात न्हावी छोटेमोठे औषधोपचारही करायचे. मोरा प्लेगपासून बचाव करणारं मलम बनवायचा आणि पियाझ्झाने त्याच्याकडे ते मागितलं होतं. दोघांची ओळख एवढीच.

२६ जूनला अधिकारी दुकानात शिरले, तेव्हा मोराला वाटलं की हे मलमाचीच चौकशी करायला आलेत. त्यांना मात्र मागच्या अंगणात एक भांडं सापडलं. त्यात गढूळ, चिकट पाणी होतं. मोराच्या घरच्यांनी सांगितलं, हे कपडे धुवायचं राखेचं पाणी आहे. कोर्टाने धोबिणींना बोलावून त्यांचं मत घेतलं. त्यांनी संशय व्यक्त केला आणि राखेचं पाणी विष ठरलं. छळ सहन न होऊन मोरानेही कबुली दिली.

माफीचं काय झालं? पियाझ्झाने पूर्ण सत्य सांगितलं नाही, असं म्हणत तीही रद्द करण्यात आली.

१ ऑगस्ट १६३० ला दोघांना गाडीत घालून शहरातून फिरवलं. तापलेल्या सांडशीने त्यांचं मांस ओढलं. मोराच्या दुकानासमोर दोघांचे उजवे हात तोडले. मग हाडं मोडून त्यांना चाकात गुंतवून ठेवलं आणि काही तासांनी मारलं. कातेरिनाने खिडकीतून पाहिल्यापासून इथवर यायला सहा आठवडेसुद्धा लागले नाहीत.

मोराचं घर पाडून टाकलं. त्या जागेवर पुन्हा कुणी कधीच घर बांधायचं नाही असा हुकूम निघाला आणि तिथे एक खांब उभारला. त्याचं नाव कोलोन्ना इन्फामे, म्हणजे बदनामीचा खांब. या माणसांनी काय ‘गुन्हा’ केला हे पुढच्या पिढ्यांना कळावं, हा त्यामागचा हेतू होता.

शेवटचा थांबा : स्फोर्झा किल्ला

खांब जवळपास दीडशे वर्षं उभा होता. पण तोवर लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले होते. मिलानच्याच चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये छळ आणि मृत्युदंडाविरुद्ध पुस्तक लिहिलं, ते युरोपभर गाजलं. त्याचा मित्र पिएत्रो वेर्री याने तर मोराच्या खटल्याची कागदपत्रंच तपासली आणि छळातून सत्य कसं बाहेर येत नाही, हे दाखवलं. १७७८ मध्ये खांब पाडण्यात आला. त्यासोबतचा लॅटिन शिलालेख आज स्फोर्झा किल्ल्यात ठेवलेला आहे.

यात एक विचित्र योगायोग आहे. छळात घेतल्या गेलेल्या नावांमध्ये पादिल्या नावाचा एक स्पॅनिश अधिकारीही होता. तो याच किल्ल्याच्या प्रमुखाचा मुलगा. त्याला वकील मिळाला, बाजू मांडायला वेळ मिळाला आणि १६३३ मध्ये तो निर्दोष सुटला. कटाचा सूत्रधार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं तोच निर्दोष असेल, तर कट होताच कुठे? पण तोवर पियाझ्झा आणि मोरा यांना मारून तीन वर्षं होत आली होती.

मग चूक कोणाची?

‘त्या काळी लोक अडाणी होते’ हे सोपं उत्तर आहे. प्लेग कशाने होतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, हेही खरं. त्याचा जिवाणू १८९४ मध्ये अलेक्झांद्र येर्सिन यांना हाँगकाँगमध्ये सापडला. तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, प्रयोग करून दाखवलं.

पण बेक्कारियाचा नातू, प्रसिद्ध कादंबरीकार अलेस्सांद्रो मान्झोनी, याला हे उत्तर पटलं नाही. १८४० ते १८४२ दरम्यान निघालेल्या आपल्या कादंबरीच्या आवृत्तीला त्याने या खटल्याचा इतिहास परिशिष्ट म्हणून जोडला. त्याचं म्हणणं असं : विज्ञान नव्हतं, कायदे क्रूर होते, सगळं मान्य. तरी त्याच कायद्यांच्या चौकटीत राहूनही न्यायाधीशांना ही माणसं निर्दोष आहेत हे कळू शकलं असतं. जबाबांमध्ये विसंगती होत्या, पुरावा नव्हता. पण बाहेर चिडलेल्या गर्दीला गुन्हेगार हवा होता आणि तिला रिकाम्या हाताने परत पाठवायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीत कोरोना पसरायला लागला, तेव्हा मिलानमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी मान्झोनीने रंगवलेल्या १६३० च्या प्लेगची आठवण करून दिली. डोकं शांत ठेवा, प्रत्येक माणसाकडे संशयाने बघू नका, असं सांगितलं. ते पत्र जगभर व्हायरल झालं.

आज पोर्ता तिचिनेझेच्या रस्त्यावर चालताना एक गल्ली फुटते. कोपऱ्यावर ब्राँझचं एक शिल्प आहे, घाईत असलात तर नजरेतून सुटेल. खांब होता ती हीच जागा. आणि गल्लीच्या पाटीवर नाव आहे : व्हिया जान जाकोमो मोरा. ज्याचं घर पाडून नाव कायमचं बदनाम करायचं ठरलं होतं, त्या न्हाव्याचं.