आवाजाचा सांधा: ब्लेडपासून बेरजेपर्यंत

एक आवाज विरत जावा, दुसरा उमटत यावा आणि सांधा कुठे पडला ते कळू नये, एवढंच क्रॉसफेडचं काम. गेल्या पाऊणशे वर्षांत त्याची साधनं पार बदलली. अडचण मात्र दर वेळी एकाच जागी आली: दोन्ही आवाज सोबत असतात त्या मधल्या टप्प्यावर.

१९४७ मध्ये अमेरिकेत जॅक मलिन बिंग क्रॉस्बींचा रेडिओ कार्यक्रम टेपवर घेऊन संपादित करू लागले, तेव्हापासून ब्लेड हे ध्वनिसंपादकाचं हत्यार झालं. टेप सरळ कापून जोडली की सांध्यावर ‘टक्’ व्हायची भीती, म्हणून ४५ अंशांचा तिरका काप रूढ झाला. पाव इंच रुंद टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असेल, तर असा काप हेडसमोरून सरकायला सेकंदाचा साठावा भाग लागतो. तेवढ्यात जुना आवाज उतरतो, नवा चढतो. डिसेंबर १९६६ मध्ये लंडनला जॉर्ज मार्टिन आणि जेफ एमेरिक यांनी बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’चे दोन टेक असेच जोडले. पट्टी वेगळी, लय वेगळी. टेपचा वेग कमीजास्त करून दोन्ही जुळवून घेतली.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये हे काम थेट नाचणाऱ्यांसमोर होऊ लागलं. डीजे पुढच्या रेकॉर्डचा ठेका हेडफोनवर जुळवून घेई. दशक संपेपर्यंत मिक्सरवर आडवा क्रॉसफेडरही आला आणि मधला टप्पा बोटांच्या हवाली झाला.

डिजिटल यंत्रणेत तो गणिताकडे गेला. दोन्ही आवाजांच्या प्रत्येक नमुन्याला, म्हणजे त्या क्षणी मोजलेल्या आकड्याला, गुणकाने गुणायचं आणि बेरीज करायची. गुणक सरळ रेषेत बदलले तर मध्यावर दोन्ही ०.५ असतात. गाणी वेगवेगळी असतील तर तिथे एकूण ऊर्जा निम्म्यावर येते, म्हणजे ३ डेसिबलचा खड्डा. त्यावर उपाय साइन-कोसाइनचा: मध्यावर दोन्ही गुणक ०.७०७, वर्गांची बेरीज कायम १. पण दोन्हीकडे तोच आवाज तंतोतंत जुळून वाजत असेल, तर हाच उपाय ३ डेसिबलचा फुगवटा आणतो. तिथे सरळ रेषाच बरोबर.

बेरजेचीही कटकट होतीच. १६ बिटांत सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. दोन मोठे नमुने मिळवले की बेरीज मावत नाही. ती उलटून ऋण झाली की स्पीकरमधून नुसता कर्कश तडतडाट. म्हणूनच ऐंशीच्या दशकातल्या मोटोरोलाच्या ५६००० चिपमध्ये २४ बिटांच्या नमुन्यांची बेरीज साठवायला ५६ बिटांची ऐसपैस जागा ठेवली होती. आता दशांश चिन्ह सरकतं ठेवणाऱ्या फ्लोटिंग पॉइंट गणिताने ती चिंता बरीचशी मिटवली आहे.

आज ॲपमध्ये क्रॉसफेड किती सेकंदांचा हवा, एवढं ठरवलं की झालं. पण सेकंदांवरून दोन आवाजांचं नातं कळत नाही. एकाच मैफलीचे सलग तुकडे वाजवताना बडा ख्यालाचं शेवटचं आवर्तन आणि द्रुताची पहिली मात्रा एकमेकांवर चढतात आणि ठेक्याचा विचका होतो. अशा वेळी क्रॉसफेड बंद ठेवावा हे उत्तम.